सांधा बघून सीलंट

पिस्टन नवा आणला आहे, रिंग नवी आहे, क्रँकशाफ्टवर बेअरिंग बसवून झाली आहेत, ऑइल सीलं पाकिटातून काढून ठेवली आहेत. चेनसॉचं इंजिन आता मिटायचं तेवढं राहिलंय. नेमकी इथेच घाई होते. ड्रॉवरमध्ये हाताला लागेल ती ट्यूब घेतली जाते, दोन्ही फेसवर, म्हणजे एकमेकांवर बसणाऱ्या सपाट कडांवर, सढळ हाताने पिळली जाते, बोल्ट आवळले जातात, बाहेर आलेली पेस्ट बोटाने पुसली की काम झालं. पिस्टन कुठल्या कंपनीचा घ्यावा यावर चार दिवस डोकं चालवणारा माणूससुद्धा सीलंटचा, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या या पेस्टचा, विचार चार मिनिटं करत नाही. मला हे मनापासून खटकतं. त्या नव्या पिस्टनचं आयुष्य पुष्कळदा ती ट्यूबच ठरवते.

चार-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीचं कवच, हे तेलाचं भांडं. तिथलं पॅकिंग गळलं तर तेल ठिबकतं, खाली डाग पडतो, मालकाला कळतं. चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक, आणि टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच इंजिनाचा पंप असतो. पिस्टन वर जाताना त्याच्याखाली दाब कमी होतो आणि कार्बुरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबलं जातं आणि ट्रान्स्फर पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. म्हणजे क्रँककेसच्या प्रत्येक सांध्याला दर फेऱ्यात एकदा बाहेर ढकलणारा दाब सोसायचा असतो आणि एकदा आत ओढणारा व्हॅक्यूम. चेनसॉ मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल तर हे सेकंदाला २०० वेळा होतं.

दाबाच्या वेळी फटीतून थोडं मिश्रण बाहेर गेलं तर सांध्याबाहेर ओलसर, तेलकट डाग दिसतो, तेवढ्यावर भागतं. घात होतो तो व्हॅक्यूमच्या वेळी. फटीतून आत शिरणारी हवा कार्बुरेटरच्या हिशेबात नसते. तिच्यासोबत पेट्रोल येत नाही, आणि टू-स्ट्रोकमध्ये जिथे पेट्रोल कमी तिथे तेलही कमी, कारण तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. ५०:१ च्या हिशेबाने १ लिटर पेट्रोलमागे जेमतेम २० मिलिलिटर तेल. एवढ्याशा तेलावर पिस्टन, पिन, कनेक्टिंग रॉडची दोन्ही बेअरिंग आणि क्रँकची दोन्ही बेअरिंग जगतात. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं की ज्वलन तापतं आणि त्याच वेळी वंगण घटतं. दोन्ही संकटं हातात हात घालून येतात.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे आवाज. हवा ओढणारं इंजिन आजारी वाटत नाही. उलट आवाज चढा, तडफदार येतो, फेरे वाढतात, आणि चालवणाऱ्याला वाटतं, काय मस्त पळतंय! एक लक्षण मात्र लपत नाही. ट्रिगर सोडल्यावर फेरे झटकन खाली येत नाहीत, वरच रेंगाळतात. इडलिंग एकदा जुळवलं तरी थोड्या वेळाने पुन्हा बिघडतं. असं करवत माझ्याकडे आलं की मी कार्बुरेटरच्या स्क्रूला हात लावत नाही. आधी सायलेन्सर काढतो आणि एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टन बघतो. त्या बाजूला उभ्या रेघा ओढलेल्या दिसल्या, रिंगच्या कडेला ॲल्युमिनियम चोपडलं गेलेलं दिसलं, की पुढचा शोध सांध्यांचा.

सगळ्या चेनसॉंची बांधणी सारखी नसते, आणि सीलंटचा प्रश्न बांधणीपासूनच सुरू होतो. व्यावसायिक कामाच्या बहुतेक करवतांत क्रँककेस मॅग्नेशियमची, उभी दोन भागांत चिरलेली असते. दोन्ही भागांमध्ये कागदी गॅस्केट असतं, सिलिंडरच्या बुडाला वेगळं बेस गॅस्केट असतं, आणि ऑइल सीलं आपापल्या पूर्ण गोल घरांत बसतात. तिथे सीलंटला फारसं काम नसतं. घरगुती आणि शेतकामाच्या अनेक करवतांत मात्र क्लॅमशेल बांधणी असते. सिलिंडरच्या ओतीव भागातच क्रँककेसचा वरचा अर्धा भाग येतो, खालून एक पॅन चार बोल्टांनी लागतो, आणि त्या दोघांच्या चिमटीत क्रँकशाफ्ट, बेअरिंग, ऑइल सीलं सगळं धरलं जातं. मध्ये गॅस्केट नाही. धातूवर धातू, आणि मधल्या सूक्ष्म उंचसखलपणात सीलंट. स्टिल कंपनीचं एमएस २९० किंवा एमएस १८० याच जातीचं. या इंजिनांत सीलंट हा एक पूर्ण सुटा भागच समजायला हवा, फक्त तो ट्यूबमधून येतो इतकंच.

क्लॅमशेल इंजिन हातात घेऊन त्याच्या टोकाकडे नीट बघा. पॅन आणि सिलिंडर यांच्यामधली सरळ रेघ शाफ्टकडे येते आणि ऑइल सीलच्या गोल कडेला जाऊन टेकते. तिथे तीन वस्तू एका बिंदूत भेटतात: वरचा धातू, खालचा धातू आणि सीलची बाहेरची कड. एका सीलला असे दोन बिंदू, दोन सीलांचे मिळून चार. सरळ रेघेत दोन सपाट फेस बोल्टच्या ताकदीने एकमेकांवर दाबले जातात, तिथे फट अगदी कमी असते. त्या चार कोपऱ्यांत मात्र दाब तिरपा पडतो, कडा किंचित गोलावलेल्या असतात आणि एक बारीक त्रिकोणी पोकळी उरते. मी उघडून बघितलेल्या क्लॅमशेल इंजिनांत हवा शिरल्याची खूण बहुतेक वेळा याच कोपऱ्यांपाशी असते: पेस्ट तुटलेली, बाजूला काळपट ओघळ. सीलंट निवडायचं ते या चार कोपऱ्यांसाठी. सरळ रेघ कशानेही बंद होते असं म्हटलं तरी फार चुकणार नाही.

आता ट्यूबकडे येऊ. ट्यूबवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं तापमान. अमुक अंश सोसतो, तमुक अंश सोसतो. वाचणाऱ्याला वाटतं इंजिन म्हणजे आग, तर आकडा जितका मोठा तितकं सीलंट भारी. पण क्रँककेसचा सांधा ज्वलनापासून दूर असतो आणि आत येणारं ताजं मिश्रण त्याला सतत थंड करत राहतं. तिथे तीनशे अंशांची गाठ पडत नाही. तिथे गाठ पडते पेट्रोलशी, दिवसरात्र. करवत चालू असताना पेट्रोलची वाफ आणि थेंब, बंद असताना तळाशी साचलेलं ओलं मिश्रण. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर परीक्षा आणखी कडक. म्हणून ट्यूबच्या मागच्या बारीक अक्षरांत मी एकच ओळ शोधतो: पेट्रोलच्या संपर्कात चालतं की नाही. बऱ्याच लोकप्रिय गॅस्केट-सिलिकोनवर स्वच्छ लिहिलेलं असतं की पेट्रोल लागेल अशा ठिकाणी वापरू नका. ती ओळ वाचली जात नाही, कारण लाल रंगातला तापमानाचा आकडा आधीच खात्री पटवून गेलेला असतो.

साध्या सिलिकोनचं पेट्रोलमध्ये काय होतं हे एकदा डोळ्यांनी बघावं. ‘गरम झालं की बंद पडतं’ अशी तक्रार असलेलं एक करवत माझ्याकडे आलं होतं. आधी कुणीतरी ते बांधलं होतं. पॅनचे बोल्ट सोडल्यावर सांधा जवळजवळ आपोआपच सुटला. फेसवरचं सिलिकोन भिजत घातलेल्या डिंकासारखं फुगलेलं होतं, नखाने ढकललं की अख्खी पट्टी सरकत होती. धातूला ते कुठेच धरून नव्हतं. आतल्या बाजूला, जिथे जास्तीची पेस्ट दाबाने क्रँककेसमध्ये आली होती, तिथली एक लांब लोंब तुटलेली होती आणि तिचा तुकडा ट्रान्स्फर पोर्टच्या तोंडाशी अडकला होता. दुसरा छोटा तुकडा बेअरिंगच्या गोळ्यांमध्ये चिरडलेला सापडला. एकाच चुकीच्या पेस्टने हवा आत घेतली, मिश्रणाची वाट अडवली आणि बेअरिंगचं वंगण तोडलं.

तरीही सिलिकोन सरसकट वाईट असा निकाल देऊन चालणार नाही. स्टिलच्या सर्व्हिस पुस्तिकांत अशा सांध्यांसाठी डिर्को एचटी या लाल पेस्टचं नाव येतं, आणि तीही सिलिकोन जातीचीच आहे. फरक दोन गोष्टींत आहे. ती इंजिनाच्या तेलाचा विचार करून बनवलेली आहे. आणि ती पातळ थरात, नीट आवळलेल्या धातूंमध्ये वापरायची असते, त्यामुळे पेट्रोलला तिची फक्त केसाएवढी कड दिसते. तीच पेस्ट जाड वळी करून पिळली तर तिचेही हाल होतील. बाथरूमच्या टाइल्सना लावायचं, ओलं असताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकोन तर इंजिनाच्या आसपासही नको. तो वास ॲसेटिक ॲसिडचा असतो, आणि मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या फेसवर ॲसिडचं काय काम?

दुसरं घराणं ॲनेरोबिक सीलंटांचं. लॉकटाइट ५१८ हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. या द्रव्याचा स्वभाव मला फार आवडतो. हवेचा ऑक्सिजन मिळतो तोवर ते ओलं राहतं. दोन धातूंच्या मध्ये कोंडलं गेलं, हवा तुटली आणि धातूचे आयन मिळाले की घट्ट होतं. १९४० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये असं एक रसायन सापडलं होतं, पण ते द्रव ठेवायचं तर त्यातून सतत हवेचे बुडबुडे सोडत राहावं लागे. बाटलीत भरून विकायचं कसं? अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये ते टिकाऊ रूपात आणलं, आणि त्यातूनच पुढे लॉकटाइट कंपनी उभी राहिली. आजही ॲनेरोबिकची बाटली घेतली तर ती पुरती भरलेली नसते. तो मापात मारण्याचा प्रकार नाही. वरची रिकामी जागा आणि बाटलीचं हवा झिरपू देणारं प्लास्टिक, दोन्ही आतला द्रव ओला ठेवण्यासाठीच असतात.

बांधणाऱ्याच्या दृष्टीने याचे फायदे मोठे. घाई नाही, सांधा मिटेपर्यंत ते सुकत नाही, क्रँक नीट बसेपर्यंत, सील सरळ होईपर्यंत निवांत वेळ मिळतो. आत आलेलं जास्तीचं द्रव्य हवेत असल्यामुळे रबरासारखं जमत नाही. ओलंच राहतं आणि पेट्रोलच्या मिश्रणासोबत धुऊन निघून जातं. पेट्रोलला ते दाद देत नाही. मॅग्नेशियमच्या उभ्या क्रँककेसला कागदी गॅस्केट मिळेनासं झालं असेल आणि मूळ जाडीचा हिशेब बिघडत नसेल, तर सपाट फेसवर माझा कल याच्याकडेच असतो.

पण क्लॅमशेलच्या त्या चार कोपऱ्यांत ॲनेरोबिक कमी पडतं, आणि कारण त्याच्या गुणातच आहे. ५१८ साधारण पाव मिलिमीटरपर्यंतची फट भरतं. कोपऱ्यातली पोकळी त्याहून मोठी असली, तर मध्यभागी ते ओलंच राहतं. शिवाय एका बाजूला सीलचं रबर, म्हणजे तिथे धातूही अर्धाच. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हे या रसायनाच्या लेखी आधीच सुस्त धातू. लोखंडावर किंवा तांब्यावर ते जितक्या झपाट्याने जमतं तितकं इथे जमत नाही, जमणं लवकर व्हावं म्हणून ॲक्टिव्हेटर मारावा लागतो किंवा जास्त वेळ द्यावा लागतो.

तिसरं घराणं अर्ध-सुक्या, सॉल्व्हंट असलेल्या पेस्टचं. मोटरसायकलींच्या क्रँककेससाठी निघालेली यामाबाँड, पर्माटेक्सचं राखाडी मोटोसील ही त्यातली नावं. लावल्यावर सॉल्व्हंट उडू द्यायला थोडा वेळ द्यायचा, पेस्ट चिकट झाली की फेस मिटवायचे. ती पूर्ण दगड होत नाही, थोडी लवचिक राहते, त्रिकोणी पोकळीत नीट भरते आणि पेट्रोलमध्ये तग धरते. या घराण्याचा एक चुलतभाऊ म्हणजे निळं हायलोमार. रोल्स-रॉइसच्या जेट इंजिनांच्या निमित्ताने घडलेलं पॉलिएस्टर-युरेथेन, जे कधीच पूर्ण जमत नाही. सांधा पुन्हा उघडायचा असेल तर हायलोमारसारखं सुख नाही, फेस खरवडावे लागत नाहीत. पण ते खड्डे भरण्यासाठी नाही. फेस उत्तम असतील तरच त्याचा उपयोग.

क्लॅमशेल बांधताना माझी निवड ठरलेली आहे: कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेली पेस्ट, किंवा मोटोसीलच्या जातीची पेट्रोलला टिकणारी अर्ध-सुकी पेस्ट. सरळ रेघेवर पारदर्शक वाटेल इतका पातळ थर, आणि सीलच्या बाहेरच्या कडेला, त्या चार कोपऱ्यांत, किंचित जास्त. दोन वेगळी सीलंटं एकाच रेघेवर एकमेकांना भिडवणं मला पटत नाही. जिथे ती भेटतात तिथे कुणीच नीट जमत नाही.

आणि काही ठिकाणी ट्यूब उघडूच नये. एक्झॉस्टच्या सांध्याला नको. तिथे धातूचं गॅस्केट असतं आणि तिथलं तापमान ट्यूबवरच्या कुठल्याही फुशारकीला पुरून उरतं. कार्बुरेटरच्या फ्लँजला नको. तिथे सुटलेला कण थेट जेटमध्ये किंवा इम्पल्सच्या, म्हणजे क्रँककेसमधल्या दाबाचे झटके कार्बुरेटरला पोचवणाऱ्या, बारीक भोकात जातो. बेस गॅस्केट असेल तर ते कोरडंच बसवावं, जाडी तीच ठेवावी. काही जण कॉम्प्रेशन वाढवायला बेस गॅस्केट काढून नुसतं सीलंट लावतात. तसं करायचं तर आधी सोल्डरची तार पिस्टनवर ठेवून, इंजिन हाताने फिरवून, चेपलेली जाडी मोजायलाच हवी. साधारण अर्धा मिलिमीटर स्क्विश, म्हणजे वर आलेला पिस्टन आणि हेड यांच्यातली फट, राखावा लागतो, आणि गॅस्केट स्वतःच जवळपास तेवढं जाड असतं. मोजमाप न करता काढलं तर पिस्टन हेडवर आदळायला वेळ लागत नाही.

सीलंट कितीही उत्तम घ्या, ते धरतं फेसला. या कामाचा सगळा जीव फेस साफ करण्यात आहे आणि मला ते काम कंटाळवाणं वाटत नाही. जुनी पेस्ट आधी रिमूव्हरने मऊ करायची, मग प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या पट्टीने काढायची. मॅग्नेशियम मऊ असतं. स्टीलची पात एकदा सरकली की फेसवर आतून बाहेरपर्यंत ओरखडा, म्हणजे हवेला आयती वाट. ड्रिलला लावायच्या घासणाऱ्या चकत्या तर लांबच ठेवाव्यात. त्यांची ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड बेअरिंगमध्ये बसली की नवं बेअरिंगही खाऊन टाकते. काच सपाट असते. तिच्यावर बारीक वॉटर पेपर ठेवून सुटा पॅन आठच्या आकड्यात हलकेच फिरवला की उंचवटे चकाकतात आणि खोलगट जागा काळ्या राहतात. फेस किती बिघडलाय ते तिथे दिसतं. शेवटी ॲसिटोनने पुसायचं, कपड्यावर डाग येईनासा होईपर्यंत. त्यानंतर अंगठाही लावायचा नाही, कारण बोटाच्या ठशातही तेल असतं.

लावताना एक गोष्ट डोक्यात ठेवतो: सांध्याच्या बाहेर जेवढी पेस्ट दिसेल तेवढीच आतही गेली आहे. बाहेरची पुसता येते, आतली नाही. बाहेर एक बारीक, अखंड रेघ उमटली की पुरे. बोल्ट तिरपे-समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे, शेवटी टॉर्क रेंचने. सीलच्या ओठाला किंचित ग्रीस, बाहेरच्या कडेला पेस्ट. ही अदलाबदल होऊ द्यायची नाही. मग एक दिवस इंजिनाला हात लावायचा नाही. आरटीव्ही, म्हणजे सिलिकोन जातीची, पेस्ट हवेतल्या दमटपणावर जमते, आणि घट्ट मिटलेल्या सांध्यात दमटपणा कडेकडून आत सरकत जातो. वर हाताला सुकलेलं लागलं म्हणून आत सुकलेलं असतंच असं नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. एक्झॉस्ट आणि इनटेक रबराची पट्टी लावून बंद, स्पार्क प्लग जागेवर, इम्पल्सच्या भोकातून हातपंप. ०.५ बार दाब भरायचा आणि बघत राहायचं. स्टिलच्या पुस्तिकांत २० सेकंद काटा हलू नये अशी अट आहे. हलला तर सांध्यावर साबणाचं पाणी सोडायचं, बुडबुडे जागा दाखवतात. पण इथे थांबणारे फार आहेत, आणि अर्धीच परीक्षा होते. मघाशी म्हटलं तसं, घात व्हॅक्यूममध्ये होतो. पंप उलटा लावून ०.५ बार व्हॅक्यूम ओढायचा, आणि क्रँक हळूहळू फिरवत काटा बघायचा. २० सेकंदांत काटा ०.३ बारच्या खाली उतरला नाही तर चालतं.

दोन्ही परीक्षांचा निकाल वेगळा आला, तर तो नीट वाचावा. दाब टिकला नाही आणि बुडबुडे रेघेवर दिसले तर सीलंट हरलं. सगळं उघडून, पुन्हा साफ करून बांधायचं, बाहेरून पेस्ट फासून भागत नाही, कारण व्हॅक्यूम ती आत ओढून घेतो. दाब टिकला पण व्हॅक्यूम उतरत गेला, तर संशय सांध्यावर कमी आणि सीलवर जास्त. सीलचा ओठ आतल्या बाजूला तोंड करून बसलेला असतो. आतून दाब आला की तो शाफ्टला घट्ट मिठी मारतो, आतून ओढ आली की सैल पडतो. क्रँक फिरवताना काटा एका ठरावीक जागी धडपडत असेल तर शाफ्टवर तिथे चरा पडला आहे. तिथे ट्यूबचा काही उपयोग नाही. नवं सील बसवायचं, ते शाफ्टच्या न झिजलेल्या भागावर येईल असं किंचित पुढे-मागे ठेवून, आणि मग पुन्हा पंप लावायचा.